चूलबंद आवतण

खुटबावच्या सिंधूबाईला कुणी चिंगूस म्हटलं तर तिला राग येत नसे. राग यायचा तो तिच्या वडलांनी घातलेलं जेवण कुणी वाखाणलं की. "वरवंडात तुमच्या वडलांनी थोरलीच्या लग्नात जेवण घातलं, तसं पुन्हा झालं न्हाई बघा," असं म्हणणारा एकतरी म्हातारा तिला महिन्याकाठी भेटायचाच. कधी डेअरीवर, कधी एस.टी.त, कधी बँकेच्या रांगेत. तिचं माहेर वरवंड एवढं कळलं की हे लोक डोळे मिटून अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या बुंदीची चव आठवत. सिंधूबाई तोंडावर "व्हय, व्हय" म्हणायची आणि मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला त्याच बुंदीच्या कढईत बसवायची.

या भागात लग्नाचं आवतण दोन तऱ्हांनी देतात. 'घरटी एक' म्हटलं की घरामागं एका माणसानं जेवायला यायचं. 'चूलबंद' म्हटलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. अंथरुणावरच्या म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळं घर मांडवात. भावकीला चूलबंद आणि बाकी गावाला घरटी, असा बरा शहाणपणाचा रिवाज आहे. पण सिंधूबाईचे वडील पडले मानी. थोरल्या प्रतिभाच्या लग्नात त्यांनी अख्ख्या वरवंडाला चूलबंद दिलं. दोन दिवस पंगतीवर पंगती उठल्या, गावानं वाहवा केली आणि पांगलं. धाकट्या सिंधूला बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते, डी.एड.ला नंबर लागला होता. त्या फीचे बाजूला काढलेले पैसे बुंदीच्या तुपात गेले. वडील म्हणाले, "एक वर्ष थांब." सिंधू थांबली. वर्ष संपायच्या आत खुटबावचं स्थळ आलं आणि ती डोक्यावर पदर घेऊन पोपटरावांच्या घरात आली. तिच्या वर्गातली एक मैत्रीण आता मुख्याध्यापिका आहे. ती जनगणनेचे कागद घेऊन दारात आली तेव्हा सिंधूबाईनं तिला चहा दिला आणि घरात माणसं किती, जनावरं किती, ते सांगितलं.

प्रतिभाला शिरूरला दिली होती. दोघी बहिणींत भांडण असं कधी झालं नाही, पण सख्ख्या बहिणी बोलतात तसं बोलणंही राहिलं नाही. दिवाळीला फोन, पंचमीला साडी, कुणाचं बरंवाईट झालं तर भेट. त्या बुंदीचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

पोपटराव माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवानं घातलाच नव्हता. कुणी ट्रॅक्टर मागितला, न्या. कुणी पाण्याची पाळी मागितली, घ्या. एकदा तर चालू हंगामात फवारणीचा पंप कुणाला दिला हेच विसरले आणि नवा घेऊन आले. असल्या माणसाच्या घरात कुणीतरी चिंगूस असावंच लागतं. ते काम सिंधूबाईनं पत्करलं. सहा गाई, त्यांच्या पेंडीचं पत्र्याचं माप, आणि दुधाचा पगार आपल्या नावच्या खात्यात. दुसऱ्यांच्या लग्नांत ती अक्षता टाकून झाल्या की पंगतीच्या मागं जाऊन उभी राहायची आणि उष्ट्या पत्रावळींत किती गेलं ते बघायची. जिलेबी टाकलेली दिसली की ती मनातल्या मनात तिचा भाव लावायची. बायका म्हणायच्या, हिला दुसऱ्याच्या लग्नात कसली चिंता. चिंता दुसऱ्याच्या लग्नाची नव्हतीच. दोन पोरी होत्या पदरात.

थोरली अक्षदा कोरेगाव भीमाजवळ एका कंपनीत कामाला होती. तिथंच स्टोअरला असलेल्या रविराजशी तिचं जमलं, जात-गोत बघून दोन्ही घरांनी मान डोलावली आणि वैशाखातली तारीख निघाली. धाकटी नीलम पुण्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. जुलैत तिची दुसऱ्या वर्षाची फी होती. सवलती वजा जाऊन, राहण्या-खाण्यासकट सव्वा लाख. सिंधूबाईच्या खात्यात अकरा वर्षांच्या दुधाचे सात लाख होते. तिनं नीलमची जुनी वही घेतली आणि पहिल्याच पानावर मांडून टाकलं. पाच लाखांत लग्न. सव्वा लाख नीलमचे. उरलेले गोठ्याला, कारण गाय आजारी पडायला मुहूर्त बघत नाही. नीलमच्या आकड्याभोवती तिनं चौकट काढली आणि घरातल्या सगळ्यांना ती दाखवली. याला कुणी हात लावायचा नाही. पोपटरावांनी मोठ्यानं "बरोबर हाय" म्हटलं. तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

नवऱ्याकडची मंडळी याद्या करायला आली. रविराजचे वडील फार गोड बोलले. आमची काही अपेक्षा नाही, मुलगी आणि नारळ द्या.  नारळाला शेंडी असते आणि त्या शेंडीला काय काय बांधलेलं असतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. चहा झाला तशी शेंडी सुटत गेली. मानाचे फेटे तेवढे पन्नास लागतील. करवल्यांना साड्या जरा बऱ्यातल्या. आणि हल्ली वरून फोटो काढणारं ते ड्रोन असतंय, ते सगळेच ठेवतात. सिंधूबाईनं पदराआडून विचारलं की मांडवावर कापड असणार, मग वरून दिसणार काय? त्यावर पाहुणे हसले. ती विनोद करत नव्हती. शेवटी पन्नासाचे पंचवीस फेटे झाले आणि ड्रोन ज्याला हवं त्यानं आणायचं ठरलं. ते मग कुणालाच फारसं हवं राहिलं नाही.

घरातली माणसं पाहुण्यांहून अवघड निघाली. अक्षदाला लग्नाआधी महाबळेश्वरला जाऊन फोटो काढायचे होते. सिंधूबाईनं भीमेच्या पुलावर काढा म्हणून सांगितलं. पाणी तिथंही आहे. अक्षदाला तीस हजाराचा शालू पसंत पडला. सिंधूबाईनं बाराचा घेतला. स्टेजला खरी फुलं हवी होती. सिंधूबाईनं विचारलं, दुपारी साडेबाराच्या उन्हात ती कुणासाठी सुकवायची? अक्षदा भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती "तू म्हणशील तसं" म्हणाली आणि त्यानंतर तिनं काही मागायचंच सोडलं. वहीत एकेक ओळ खोडताना सिंधूबाईला वाटायचं, पोरीनं एकदा तोंड तरी उघडावं.

बस्त्याला दौंडला जायचं तर भावकीतल्या बायकांना नेल्याशिवाय चालत नाही. पाच जणींना सांगितलं होतं, टेम्पोत चौदा चढल्या. दुकानदारानं गाद्यांवर बसवून थंड पाजलं आणि बायकांनी दुसऱ्याच्या पैशानं निवडायच्या साड्या ज्या उत्साहानं निवडायच्या असतात त्या उत्साहानं निवडल्या. सिंधूबाई किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या करून बघत होती, आणि एक चुलत जाऊ म्हणत होती की सिंधूताई, लग्नाच्या बस्त्यात किमती बघू नयेत, अपशकुन असतो. असला शकुनशास्त्राचा अभ्यास या बाईनं कुठं केला कोण जाणे. तरीही सहा वाजता बस्ता बांधला तेव्हा आकडा वहीतल्या आकड्याच्या चार हजारच वर होता, आणि ते चार हजार सिंधूबाईनं वाजंत्र्यांतून कापले.

मग पत्रिका आल्या. भावकीची अडतीस घरं, ती चूलबंद, म्हणजे दोनशे माणसं. बाकी गावातली दीडशे घरं, ती घरटी. पाहुण्यांकडची दोनशे, इतर सोयरे-धायरे दीडशे. सगळी मिळून सातशे पानं. आचाऱ्याला तिनं सातशेचा शिधा लिहून दिला. आवतणं द्यायचं काम पोपटरावांचं. रोज सकाळी ते कपाळाला गंध लावून, पिशवीत पत्रिका आणि अक्षता घेऊन मोटरसायकलवरून निघायचे आणि दुपारी चहानं तुडुंब होऊन परतायचे. सगळे खूश आहेत, म्हणायचे. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. सिंधूबाई वहीत खुणा करायची. आपल्या नवऱ्याला एक काम धड जमलं याचं तिला बरं वाटत होतं, हे आता सांगायलाही तिला लाज वाटते.

लग्न आठ दिवसांवर आलं. प्रतिभा शिरूरहून हाताखाली मदतीला आली होती. सिंधूबाई दूध घालायला डेअरीवर गेली, तर रांगेत पुढं विठाबाई. विठाबाई भावकीतली नव्हे. खालच्या आळीची, घरात नऊ माणसं. ती म्हणाली, "सिंधूताई, त्या दिवशी मी आदल्या रातीच भांडी घासून पालथी घालणार हाय. लई दिसांनी चूलबंद आवतण आलंय बघा."

सिंधूबाईनं किटली खाली ठेवली. तिनं मागच्या बाईला विचारलं. चूलबंद. तिच्या मागचीला विचारलं. चूलबंद. माळ्याच्या सुनेला, दळणवाल्याच्या आईला, सगळ्यांना चूलबंद. घरी येईपर्यंत तिनं चालता चालता हिशोब केला. दीडशे घरं, घरामागं आणखी चार माणसं धरली तरी सहाशे पानं वाढली. शिधा, मांडव, खुर्च्या, पाणी, सगळं धरून लाखाच्या वर. वहीत लाखाच्या वरची अशी एकच रक्कम उरली होती आणि तिच्याभोवती चौकट होती.

पोपटराव ओट्यावर बसून मांडवाला टांगायची लायटिंग सोडवत होते. त्यांनी नाकबूल केलं नाही. नाकबूल करायलाही 'नाही' म्हणावं लागतं.

"अगं, दारात गेलं की म्हातारी इचारती, चूलबंद का घरटी?" ते म्हणाले. "तिच्या पदरापाशी चार नातवंडं उभी. त्यांच्या तोंडाकडं बघून घरटी कसं म्हणायचं माणसानं?"

"मग त्या सहाशे पानांचं काय करायचं?"

पोपटरावांनी विचार केला. खरोखर विचार केला, हे तिला त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. मग त्यांना जे सुचलं ते त्यांनी अगदी निर्मळ मनानं सांगितलं. "नीलम एक वर्ष थांबली तर काय बिघडतंय? फुडल्या वर्षी भरू की."

पडवीत प्रतिभा तांदूळ निवडत बसली होती.  ती सूप खाली ठेवून उठली आणि गोठ्याकडं निघून गेली. सिंधूबाईनं ते पाहिलं आणि तिच्या रागात आणखी भर पडली. बाईसाहेबांना ऐकवलंसुद्धा नाही. ज्यांच्यापायी आम्ही थांबलो, त्यांना नुसतं ऐकायलाही जड जातं.

नवऱ्याशी भांडायचं तिनं टाळलं. भांडण चूलबंद झालं असतं आणि हाती काही लागलं नसतं. तिनं तोंड धुतलं, धुवट साडी नेसली, कुंकवाचा करंडा घेतला आणि पोपटरावांना म्हणाली, गाडी काढा. कुठं, ते म्हणाले. दीडशे घरं, ती म्हणाली.

दिलेलं आवतण परत घ्यायचं, ही गोष्ट खुटबावात कुणी ऐकलेली नव्हती. पोपटरावांचा चेहरा पडला. लोक काय म्हणतील, ते म्हणाले. लोकांनी अठ्ठावीस वर्षं काय म्हणायचं ते म्हणून झालंय, असं सिंधूबाईनं सांगितलं आणि ती गाडीवर मागं बसली. प्रतिभा गोठ्यातून आली. तिचे डोळे लाल होते. मी येते तुझ्यासंगं, म्हणाली. सिंधूबाईनं तिला तांदूळ निवडायला सांगितलं.

दोन दिवस ते चाललं. पोपटराव प्रत्येक दारापुढं गाडी चालू ठेवून, मान खाली घालून बसायचे. पेट्रोल जळायचं, पण त्यांना गाडी बंद करायचं सुचत नव्हतं आणि सिंधूबाईनंही तेवढं सोडून दिलं. ती आत जायची, घरच्या बाईला कुंकू लावायची आणि सगळीकडं तेच बोलायची. "आवतण चूलबंद गेलंय, ते चुकून गेलंय. आमची ऐपत घरटी एका माणसाची हाय. एकानं या, पण नक्की या. राग धरू नका."

माणसं तऱ्हेतऱ्हेची निघाली. एकीनं तिला तासभर बसवून आपल्या जावेचं गाऱ्हाणं सांगितलं आणि आवतणाचं काही ऐकलंच नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, एकटा आलो तर जिलेबी दोनदा मिळंल का? एका घरात तिच्या तोंडावर दार लोटलं. दळणवाल्याची आई म्हणाली, आम्हाला काय उपाशी समजलीस काय. ही म्हातारी दुसऱ्यांना सांगत फिरणार हे सिंधूबाईला कळलं, आणि ती फिरलीच. विठाबाईनं मात्र पाणी दिलं आणि हळूच म्हणाली की बरं झालं बाई, नऊ जणांनी यायचं म्हंजी आहेर तसाच मोठा करावा लागतोय. आमचं दडपण गेलं. सिंधूबाईला वाटलं, हे आधी डेअरीवर बोलली असतीस तर माझं रक्त कमी आटलं असतं.

तिसऱ्या दिवशी जयसिंगआप्पा आले. नात्यानं चुलत सासरे, भावकीतले थोरले, सोसायटीचे दोनदा चेअरमन. आप्पा खुर्चीवर बसले आणि पाण्याच्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही, तेव्हाच सगळ्यांना कळलं.

"आपल्या घराण्यानं दिलेला शब्द कवा मागं घेतला न्हाई," आप्पा म्हणाले. "गावाला चूलबंद राहू द्या. न्हाईतर भावकीतला एक माणूस मांडवात येणार न्हाई."

सिंधूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. वरचा लाख रुपयांचा खर्च घराणं देणार का, असं तिनं अगदी आदबीनं विचारलं. आप्पा पंख्याकडं बघू लागले. ती म्हणाली, "भावकीचं आवतण चूलबंदच हाय, आप्पा. त्याच्यातला एक शब्द मी मागं घेतलेला न्हाई. यायचं का न्हाई ते तुम्ही बघा."

आप्पा उठून गेले. पोपटराव त्यांच्या मागं वेशीपर्यंत गेले आणि तसेच परत आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सिंधूबाई जेवली, पण तिला घास गोड लागला नाही.  आणि अक्षदा. अक्षदानं हे सगळं पाहिलं, ऐकलं, हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि एक शब्द बोलली नाही.

लग्नाच्या दिवशी आप्पांनी शब्द खरा केला. हळदीला भावकीतलं कुणी नाही, देवकाला कुणी नाही. साडेबाराला अक्षता पडल्या तेव्हा मांडवाची डावी बाजू, जिथं भावकीनं बसायचं, ती खुर्च्यांसकट मोकळी होती. नवऱ्याकडची माणसं तिकडं बघत होती आणि आपसांत बोलत होती. गाव मात्र घरटी एक याप्रमाणं आलं होतं, आणि दळणवाल्याची आईही आली होती; पहिल्या पंगतीला, पुढच्या रांगेत.

पंगती बसल्या आणि खरी पंचाईत कळली. गावाकडं पंगतीला वाढतात कोण? भावकीची पोरं. आचारी भरल्या पातेल्यांपुढं उभा, माणसं पत्रावळी पुढं घेऊन बसलेली, आणि बादली उचलायला कुणी नाही. सिंधूबाईनं तांदळापासून कापुरापर्यंत सगळं मोजलं होतं, पण वाढप्यांचं पान तिच्या वहीत नव्हतंच. ते कुणाच्याच वहीत नसतं. पोपटराव एक बादली घेऊन धावले आणि दोरीला अडखळले. तेव्हा नीलम उठली. तिच्यासोबत पुण्याहून सकाळच्या दौंड गाडीनं वर्गातल्या नऊ मुली आल्या होत्या, चांगल्या नटून-थटून. त्यांनी ओढण्या कमरेला बांधल्या. एकीनं भात घेतला, एकीनं वरण, एकीनं जिलेबीची परात. पंगतीला पोरी वाढताहेत म्हणून पाहुण्यांतले दोघे-तिघे कुरकुरले, पण ताट समोर आल्यावर तेही वाकले. वॉर्डात काम केलेल्या पोरी त्या. कुणाला काय हवं ते त्यांना हाकेआधी कळत होतं. प्रतिभा अन्नाच्या कोठीत बसली होती आणि एकेक भांडं मोजून बाहेर देत होती. सकाळी सहापासून ती तिथून हलली नव्हती.

तीन वाजता पंगती उठल्या आणि आचाऱ्यानं येऊन सांगितलं की दोनशे माणसांचं अन्न उरलंय. सिंधूबाईला रडावं की डोकं आपटावं ते कळेना. एका पत्रावळीत जिलेबी टाकलेली बघून जिचा जीव वर-खाली व्हायचा, तिच्याच मांडवात पातेली भरलेली. ती गोठ्याच्या बाजूला एकटी जाऊन उभी राहिली. तिथं तिला मागच्या बांधावरून बायका येताना दिसल्या. पुढं चुलत जाऊ, बस्त्यात अपशकुनाचं सांगणारी. तिच्या मागं भावकीतल्या पाच-पन्नास बायका, काखेला आणि बोटाला पोरं.

"आप्पांचं आप्पांपाशी," जाऊ म्हणाली. "आमास्नी आवतण चूलबंद हुतं. सकाळधरनं एकीनंबी चूल पेटवली न्हाई. पुरुष बसल्यात पारावर मान धरून. पोरं रडाय लागली, म्हणून आलो."

चूलबंद आवतण आलं असताना चूल पेटवायची म्हणजे आवतणाचा अपमान. आणि मांडवात जायचं म्हणजे आप्पांचा अपमान. पुरुषांनी दुसरा अपमान टाळला होता, बायकांनी पहिला. आणि तीन वाजेपर्यंत अडतीस घरं उपाशी बसली होती. सिंधूबाईला हसू आलं आणि हसता हसता संतापही आला. सकाळीच आला असतात तर काय तुमचं बाशिंग मोडलं असतं?  तिनं पत्रावळी मांडल्या. आप्पांची बायको सगळ्यांत शेवटी जेवली. उठताना तिनं पदराखालून एक डबा काढला, आणि सिंधूबाईनं तो मुकाट्यानं जिलेबीसकट भरून दिला.

पाच वाजता पाठवणी. नीलमचे सव्वा लाख बँकेत जागच्या जागी होते आणि सिंधूबाईच्या मनाला त्याचं समाधान वाटत नव्हतं. एका पोरीचं वर्ष वाचवलं, ते दुसरीच्या लग्नाची शोभा घालवून. अक्षदा उद्या सासरी काय सांगणार? माझ्या अक्षतांना माझी भावकी नव्हती, हेच ना. गाडीच्या दाराशी सिंधूबाईनं तिचे दोन्ही हात धरले.

"पोरी, तुझ्या मांडवात भावकी न्हवती," ती म्हणाली. "मनात ठिवू नकोस."

अक्षदानं तिच्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत प्रथमच नीट बघितलं. "आई, नीलमचं पैसं त्या पंगतीत गेलं असतं, तर मला सासरी घास गिळला असता का?" ती म्हणाली. "मावशीनं मला सांगितलंय. बुंदी तोंडात घातली का तिला आजूनबी ढवळतं. आन् ती तुला कवाच बोलली न्हाई, कारण तू तिला इचारलंच न्हाईस."

मग रविराजनं दार लावलं, गाडी निघाली, बायकांनी डोळ्याला पदर लावले. सिंधूबाई धुळीकडं बघत उभी राहिली. अठ्ठावीस वर्षं तिनं आपलं काय गेलं तेच धरून ठेवलं होतं. त्या लग्नात बोहल्यावर चढलेली प्रतिभाही एकवीस वर्षांची पोरच होती, तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि गावभर जेवणावळी उठत असताना धाकटीची फी त्यात चालली आहे हे तिला दिसत होतं. हे सिंधूबाईच्या मनात कधी आलं नव्हतं. आजही आलं नसतं. गोठ्यातून लाल डोळ्यांनी आलेल्या बहिणीला तिनं तांदूळ निवडायला बसवलं होतं.

ती कोठीकडं गेली. प्रतिभा मोकळी पातेली एकात एक घालत होती. हात कोपरापर्यंत तेलकट, केस पिकलेले, तोंड सुकलेलं. सिंधूबाईनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि खाली ठेवलं. 

"तू जेवलीस का?" तिनं विचारलं.

प्रतिभानं मान हलवली. "न्हाई," ती म्हणाली. "तू कवा इचारतीस, तेच बघत हुते."

सिंधूबाईनं एकच पत्रावळ घेतली, उरलेला भात आणि वरण तिच्यावर वाढलं आणि दोघी कोठीच्या उंबऱ्यात बसून जेवल्या.